कुंदाच्या मापाची सायकल

दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. आंदर मावळातून, कुंदाच्या घराशेजारच्या बाईचा. "सुमनताई, कुंदाताई गेल्या पहाटं. आबा म्हणत्यात, पांढरा ब्लाऊज तुमीच शिवून आणा." एवढं बोलून ती रडायला लागली आणि फोन बंद झाला… मी शटर पुरतं वर ढकललं, ट्यूबलाइट लावली, मशिनवरचं फडकं काढलं. अशा वेळी माणूस मटकन खाली बसतो म्हणे. मला बसायला सवड नव्हती, मला काम सांगितलेलं होतं. आमच्या बौद्ध घरांत शेवटची साडी पांढरी. ती कुंदाकडे होती, जयंतीला नेसायची तीच. पण तिच्यावरचा जुना ब्लाऊज आता तिच्या अंगावर राहिला नसता.

बायकांना सांगायला नको, पुरुषांसाठी सांगते. नवा ब्लाऊज शिवायला टाकताना अंगाला नीट बसणारा एक जुना सोबत द्यायचा असतो, त्याला मापाचा ब्लाऊज म्हणतात. लोणावळ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं शिवणाचं दुकान आहे, आणि कुंदाचा मापाचा ब्लाऊज तिथे खिळ्याला वर्षानुवर्षं टांगलेला. ती माझी सगळ्यात जुनी गिऱ्हाईक आणि त्याहून जुनी मैत्रीण. त्या सकाळी तो ब्लाऊज काढून टेबलावर पसरला आणि कळलं, यात आता दोन कुंदा मावतील. शेवटची भेटले तेव्हा तिला जवळ घ्यायचीही भीती वाटली होती, टेप लावून माप कोण घेतंय! मग मी निखिलला फोन केला. निखिल म्हणजे ज्यानं तिची सायकल बांधली तो मुलगा. म्हटलं, रडायचं ते नंतर रड, आधी मला तिच्या खांद्यांचं माप सांग. सायकलवर कोपरं टेकायच्या गाद्या किती अंतरावर लावायच्या, यासाठी त्यानं शेवटी शेवटी तिचे खांदे मोजले होते. तो आकडे सांगत गेला आणि मी कापडावर खडूनं रेघा ओढत गेले. शर्यतीच्या सायकलीसाठी घेतलेल्या मापावर मी माझ्या मैत्रिणीचा शेवटचा ब्लाऊज बेतला. गावी पोचल्यावर एक म्हातारी म्हणाली, पाठीतून फाडा, म्हणजे घालायला सोपं जातं. म्हटलं, काही फाडायचं नाही, मी पाठ उघडीच ठेवून नाड्या लावल्यात. खांद्यात तो अगदी बरोबर बसला.

कुंदा आंदर मावळातली. गावाला दिवसातून मोजक्या एसट्या, त्याही फाट्यापर्यंत, पुढे पाय. शाळेला चालत, दळणाला चालत, आजारी माणसाला घेऊनसुद्धा चालत. उन्हाळ्यात धरणाच्या पाण्यात म्हशी सोडल्या की त्यांच्या मागोमाग ही उतरायची, तिथेच पोहायला शिकली. आई लवकर गेली. आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, दुसरं लग्न न करता एकट्यानं तिला वाढवलं आणि हट्टानं शिकवलं. रेल्वेत लागली आणि लोणावळ्याच्या तिकीट खिडकीमागे तिचं आयुष्य बसून गेलं. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं की म्हणायची, सुट्टे नव्हते. पन्नाशीच्या तोंडावर तिला हे ट्रायथलॉनचं खूळ लागलं. आधी पोहायचं, मग तसंच ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, मग उतरून पळायचं, सगळं एका दमात आणि ठरलेल्या वेळेच्या आत. मी म्हटलं, अगं बाई, हे तर तू लहानपणी शाळेला जाताना करत होतीस, तेव्हा कुणी पदक नाही दिलं. तर म्हणाली, तेव्हा सायकल नव्हती ना.

पहिली शर्यत तिनं खिडकीवरच्या सहकाऱ्याच्या ताडमाड मुलाच्या सायकलवर केली. पोहून ती चांगली पुढे होती, सायकलवर मागे पडत गेली. सीट खाली घेऊनही उंच, हँडल लांब, हात ताणून ताणून मान धरली. शेवटी वेळ संपली म्हणून तिला भर रस्त्यात थांबवलं आणि मागून येणाऱ्या टेम्पोत बसवलं. दुसऱ्या दिवशी दुकानात आली, स्टुलावर बसली. मी भजी मागवली, तिनं हात लावला नाही. कुंदा भज्यांना हात लावत नाही म्हणजे प्रकरण गंभीर. मग म्हणाली, "सुमे, दुसऱ्याच्या मापाचं घालून गेले होते मी. एकदा माझ्या मापाच्या सायकलवर ती शेवटची रेघ ओलांडायचीय. एकदाच. मग तू म्हणशील ते ऐकेन." माझं ऐकायची तयारी तिनं जन्मात त्याच दिवशी दाखवली. पुढच्या थंडीत तीच शर्यत परत होती. त्याआधी सायकल बांधायची, असं ठरलं.

निखिल हिंजवडीतली चांगली नोकरी सोडून तळेगावात सायकली बांधत बसलेला. कुंदा मला म्हणाली, तू चल, परका पोरगा कंबरेला हात लावणार, मला नाही बरं वाटायचं. गेले. तिच्याहून तोच जास्त अवघडला होता, मला बघून त्याचा जीव भांड्यात पडला. खांदा, कोपर, कंबरेचं हाड, गुडघा, घोटा, सगळीकडे गोल टिकल्या चिकटवायच्या होत्या, त्या मी चिकटवल्या. मग तिला एका जागच्या जागी चालणाऱ्या सांगाड्यावर बसवलं आणि तो बाजूनं व्हिडिओ काढत राहिला. या सायकलचं बसणंच वेगळं. ताठ बसायचं नाही. पुढे वाकून दोन छोट्या गाद्यांवर कोपरं टेकायची, हात समोर जवळजवळ धरायचे, पाठ पाटासारखी सपाट करायची, म्हणजे वारा वरून निघून जातो. मी म्हटलं, ही सायकल चालवतेय का झोपतेय? निखिल म्हणाला, ताई, झोप लागावी इतकं आरामात बसता आलं पाहिजे, तासन् तास तसंच राहायचं असतं. मग गादी नखभर पुढे, सीट नखभर मागे, परत पायडल मार, परत बघ. मला त्याची पद्धत पटली. आम्ही तरी काय करतो, कच्ची शिलाई मारून अंगावर घालून बघतो, मगच पक्की.

पावसाळाभर खोक्यांतून एकेक भाग येत राहिला आणि दसऱ्याच्या सुमारास सायकल उभी राहिली. काळी, कार्बनची, निमुळती, हातात घेतली तर पोराच्या दप्तराएवढी हलकी. एक गोष्ट मात्र राहिली होती. पुढच्या चाकाची नळी वर हँडलपर्यंत येते, ती कारखान्यातून लांब येते. माणसाचं माप पक्कं झालं की वरचा भाग करवतीनं कापायचा, हँडल खाली बसवायचं. हँडल जितकं खाली, तितकी सायकल पळते. निखिल करवत घेऊन तयार होता. कुंदानं हात आडवा घातला. "ट्रायल झाल्याशिवाय जादाचं कापड कापत नाहीत, विचार हिला." मी म्हटलं, बरोबर आहे, आम्हीही आत माया सोडतो, एकदा कापलं की संपलं. निखिल कुरकुरला की हँडलच्या वर ते नळकांडं निघालेलं अगदी विचित्र दिसतं. दिसू दे, कुंदा म्हणाली. त्यानं वर उरलेल्या नळीवर एकावर एक कड्या चढवून टोपण लावलं. नव्या गाडीची रीत म्हणून चाकाखाली लिंबूही ठेवलं होतं बिचाऱ्यानं. कुंदानं ते उचललं, पिशवीत टाकलं आणि घरी जाऊन मला त्याचं सरबत पाजलं.

त्यानंतरचे दिवस… तिला इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. ड्यूटीच्या आधी कार्ल्याच्या फाट्यापर्यंत जाऊन यायची, सुट्टीला पवनेच्या बाजूला उतरायची. दुकानासमोर सायकल टेकवून आत यायची आणि मशिनवर वाकलेल्या मला म्हणायची, बघ, तू वाकून कापड मारतेस, मी वाकून रस्ता मारते. दिवाळीनंतर तिचं पोट दुखायला लागलं. वरच्या अंगाला, बरगड्यांच्या मधे, आणि तिथून आरपार पाठीत. खिडकीमागे ताठ बसलं की दुखायचं, आडवी झाली की जास्त. आणि सायकलवर बसून पुढे वाकली, कोपरं टेकली, की थांबायचं. साफ थांबायचं. खूश असली की तिच्या तोंडात गावाकडची बोली यायची. म्हणायची, "कमाल केली गं त्या पोरानं. हितं बसलं की बरं वाटतं." मग ती जास्त वेळ सायकलवर राहायला लागली. निखिलला तर आकाश ठेंगणं झालं. बाईची पाठदुखी माझ्या फिटिंगनं गेली, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

ती बारीक होत गेली. लोकांना तोंडं आहेत, ती बोलणारच. काय छान बारीक झालीस, काय तेज आलंय, आम्हाला पण सांग काय खातेस. खिडकीच्या जाळीतून तिकीट घेताना बायका विचारायच्या. ती हसायची. माझ्याकडे ब्लाऊज आत घ्यायला यायचे, एक झाले की दुसरे. मी वैतागून म्हटलं, तू एकदा कुठंतरी थांब, म्हणजे मी एकदाच काय ते आत घेते. डॉक्टरकडे जा म्हणूनही म्हटलं, नाही असं नाही. ती म्हणाली, सायकलवर दुखत नाही म्हणजे पाठीचंच आहे, पोटाचं असतं तर तिथेही दुखलं नसतं का? बोलणं इतकं सरळ होतं की मला पटलं. आता मी इथे, मला तेव्हाच ओळखायला हवं होतं, वगैरे लिहिणार नाही. नाही ओळखलं. कुणीच नाही ओळखलं. एवढं मात्र खरं की त्या "छान बारीक झालीस" म्हणणाऱ्या बायका तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्याकडच्या दिवसकार्याला, आल्या होत्या आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. अजूनही रस्त्यात दिसल्या की मी मान वळवते. चूक त्यांची नाही, मला माहीत आहे. तरी वळवते.

शर्यत तोंडावर आली असताना एकदा ती दुकानात आली आणि ट्यूबलाइटखाली मला तिचे डोळे दिसले. हळदीसारखे पिवळे. कावीळ, मी म्हटलं. आबांना कळल्यावर त्यांनी तिला गावी बोलावून घेतलं, शेजारच्या गावात एक जण कावीळ उतरवतो म्हणून. आयुष्यभर असल्या गोष्टींवर तोंडसुख घेणारी कुंदा म्हाताऱ्याचं मन मोडायला नको म्हणून गेली. त्यानं तिच्या नाकात कसलासा रस टाकला, चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, पाणी पिवळं झालं, सगळ्यांचं समाधान झालं. पिवळे डोळे तसेच राहिले. मग मी आणि निखिलनं तिला गाडीत घालून पुण्याला नेलं. तपासण्या झाल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी विचारलं, दुखतं तेव्हा पुढे वाकून बसलं की कमी होतं का? कुंदा हसली. म्हणाली, अहो, वाकून बसायलाच तर मी शिकतेय वर्षभर! बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सांगितलं की स्वादुपिंडाच्या या दुखण्याची खूणच ती आहे, ताठ बसलं, उताणं झोपलं की वाढतं, पुढे वाकलं की उतरतं. माझ्या शेजारी निखिल उभा होता. त्यानं खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्याचं तोंड मला अजून दिसतं… त्या पोराची काय चूक होती सांगा. त्यानं सायकल इतकी बरोबर बसवली होती की तिला कॅन्सर दुखलाच नाही.

ऑपरेशन होण्यासारखं राहिलं नव्हतं. कावीळ उतरावी म्हणून पित्ताच्या वाटेत एक बारीक नळी घातली, तेवढंच. शर्यतीच्या दिवशी ती हॉस्पिटलच्या खाटेवर होती. सकाळी मला म्हणाली, आता पाण्यात उतरले असतील. दुपारी म्हणाली, आता पळत असतील. संध्याकाळी काही बोलली नाही. किती दिवस, हे तिनं डॉक्टरीणबाईंना एकटीनं विचारलं होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, एकेरी तिकीट आहे, परतीचं विचारू नकोस. मी चिडले. मी अजूनही चिडलेलीच आहे. आपण कोणावर चिडलोय तेही कळू नये, अशा जातीची ही चीड आहे, मशिनवर बसले की दोरा तुटतो आणि मी दोऱ्याला शिव्या देते.

तिनं गावी जायचं ठरवलं, आबांकडे. तिथे पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की तिला आडवं होता येत नाही. उशी पोटाशी धरून वाकून बसायची, बसून बसून थकायची, मग कलंडायची आणि दुखून परत उठायची. मॉर्फिनच्या गोळ्या होत्या. पण त्या घेतल्या की गुंगायची, आणि तिला आबांशी बोलायचं होतं. तेवढंच राहिलंय म्हणाली, तेही झोपेत घालवू का? मग तिनं सायकल मागितली. निखिलनं गाडीच्या टपावर बांधून ती आणली. मागचं चाक घट्ट धरणारा एक स्टँड असतो, सायकल त्यावर घरातल्या घरात उभी राहते. पुढच्या खोलीत, खिडकीतून धरणाचं पाणी दिसेल अशी ती लावली. कुंदा चढली, पुढे वाकली, कोपरं टेकली. आम्ही तिघं बाजूला उभे. थोड्या वेळानं ती म्हणाली, "हितं बरं वाटतंय, आबा."

पण मानेला पहिल्यासारखा जोर नव्हता, इतकं खाली वाकवेना. तेव्हा ती न कापलेली नळी कामाला आली. निखिलनं वरच्या कड्या काढून हँडलच्या खाली घातल्या आणि हँडल वर घेतलं. दर खेपेला एकेक कडी. ती जशी खंगत गेली तसं हँडल वर येत गेलं, गाद्या जवळ येत गेल्या, सीट खाली येत गेली. सायकल पळावी म्हणून जे जे जीव तोडून केलं होतं, ते ते पोरगं एकेक करून सोडवत होतं. एलन-की नावाच्या वाकड्या किल्लीनं एकेक स्क्रू ढिला करायचा. काम झालं की गोठ्याकडे जायचा आणि तिथे तोंड धुवायचा. मी गाद्यांचं बघितलं. कंपनीच्या गाद्या तिच्या हाडांना रुतायला लागल्या होत्या. मी आतला फोम टाकून कापूस भरला, तिच्याच जुन्या मऊ साडीचे अभ्रे शिवले, कपाळ टेकायला मध्ये तिसरी गादी बांधली. दुपारची ती तिथेच डोळा लावायची. पाय पायडलवर, कपाळ गादीवर. आबा मागे उंच पायांच्या पाटावर बसून तिच्या पाठीला हात लावून ठेवायचे, कलंडू नये म्हणून. गावातल्या बाया दारातून डोकावायच्या. एक जण म्हणाली, अशी कशी बसती, खाटंवर निजवा की तिला. आबांनी वर बघितलंसुद्धा नाही.

आषाढ लागता लागता एकदा मी आणि निखिल दोघंही होतो. तिचा आवाज बारीक झाला होता, पण हुकूम करायची सवय तीच. म्हणाली, "मी गेल्यावर नळी काप. हँडल खाली घे. आणि सायकल एखाद्या पोरीला दे, जिला ती रेघ ओलांडायचीय. हितं पडून गंजायला नको." निखिल म्हणाला, ताई, कार्बन गंजत नाही. "मग तू गंजशील. वचन दे." तिनं माझ्याकडे हात केला, मी हातावर हात ठेवला. निखिलनंही ठेवला. हात उचलताना मी बघितलं, आबा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते. ते आत आले, तांब्या खाली ठेवला आणि नेहमीसारखे पाटावर जाऊन बसले. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. शेवटच्या पहाटेही ती सायकलवरच होती असं आबांनी सांगितलं. पाठीवरचा हात त्यांनी काढला नव्हता, म्हणून त्यांना लगेच कळलं.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, दिवस गेले. निखिलनं कामशेतची एक मुलगी शोधली. चांगली पोहते, सायकल नाही. कुंदासारखीच उंच. शर्यत येत्या थंडीत. सगळं जुळून आलं होतं, आणि मागच्या रविवारी आम्ही दोघं सायकल आणायला गेलो. गाडीत निखिलनं करवत घेतली होती, नळी तिथेच कापून हँडल खाली घेऊ म्हणाला. वाटेत सगळीकडे भात पोटऱ्यात आलेलं. आबांच्या खाचरात मात्र लावणीच झाली नव्हती, तिथे नुसतं गवत वाढलेलं.

दार उघडंच होतं. आत गेलो तर आबा सायकलपाशी उभे. बसलेले नाहीत, शेजारी उभे, पुढे वाकून दोन्ही कोपरं त्या गाद्यांवर टेकलेली, कपाळ मधल्या गादीवर. आमची चाहूल लागली तरी त्यांनी लगेच डोकं उचललं नाही. मी हाक मारली. ते तसेच राहून म्हणाले, "ये पोरी. हितं टेकलं की जरा बरं वाटतं."

तेच शब्द. मी पिशवी टाकून त्यांच्याजवळ गेले, त्यांचं तोंड खिडकीकडे करून डोळे बघितले. पांढरे होते. तरी विचारलं, "आबा, कुठं दुखतंय? खरं सांगा. पोटात दुखतंय का?"

"न्हाई गं. पोटात न्हाई. कुटं दुखतंय त्ये मला बी न्हाई कळत."

आबा ठेंगणे. कुंदाची उंची आईची होती. सायकल तिच्या मापाची, त्यामुळे गाद्या त्यांच्या छातीच्या वर येत होत्या. म्हणून त्यांनी तो मागे बसायचा पाट पुढे घेतला होता आणि त्यावर उभे होते. निखिलनं ते बघितलं. सवयीनं खिशातून एलन-की काढली, म्हणाला, आबा, थांबा, खाली घेऊन देतो. आबा म्हणाले, "नगं. तिच्या मापाची हाय ती, तशीच ऱ्हाऊ दे. म्या पाट घेतलाय." आणि मग त्यांना आठवलं असावं, आम्ही कशाला आलोय ते. ते जपून पाटावरून खाली उतरले. पाट उचलून भिंतीला उभा केला. गाद्यांवरून एकदा हात फिरवला आणि बाजूला होऊन म्हणाले, "न्या. तिनं सांगितलंय. म्या ऐकलंय."

निखिल किल्ली हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. करवत बाहेर गाडीत होती. कामशेतला ती मुलगी वाट बघत होती. मी कुंदाच्या हातावर हात ठेवून वचन दिलं होतं आणि ते मी काही विसरले नव्हते. कुंदे, तू आयुष्यात कधी माझं ऐकलं नाहीस. मी भिंतीचा पाट उचलला आणि होता तिथे, सायकलच्या बाजूला, परत खाली ठेवला. आबांनी एक पाय वर ठेवला, मग दुसरा.

निखिलनं किल्ली खिशात टाकली. त्या मुलीसाठी दुसरं काही बघू म्हणाला, कसं ते त्यालाही माहीत नाही. परत निघताना मी गाद्यांचे अभ्रे धुवायला म्हणून काढून आणलेत. आबांची कोपरं कुंदाच्या कोपरांहून हाडकी आहेत, त्यांना रुतत असणार, तेव्हा अजून थोडा कापूस घालायला हवा. तो वरून घालीन. खालच्या कापसात तिच्या कोपरांचे दोन खळगे पडलेत, त्यांना मी हात लावणार नाही.